दुपारी तीनला परत फिरा: पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीतल्या एका दिवसाच्या सहली

चार वर्षांपूर्वी भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही एका दिवसात लेण्याद्री, ओझर आणि शिवनेरी 'करायला' निघालो होतो. कागदावर सगळं सोपं होतं, तिन्ही ठिकाणं एकमेकांच्या हाकेवर. लेण्याद्रीच्या पायऱ्या उत्साहात चढलो. ओझरच्या दर्शनाच्या रांगेत मुलाला भूक लागली. शिवनेरीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते, सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते आणि मुलगी म्हणाली, "मला किल्ला नको, मला घर पाहिजे." गड खालूनच बघितला. येताना चाकणच्या वाहतुकीत दीड तास गेला आणि मुलाने मागच्या सीटवर चिवडा, लाडू, लिंबू सरबत सगळं परत केलं.

त्यानंतर आमच्या घरात नियम झाला: एका दिवसात एकच ठिकाण, एकच चढ, आणि दुपारी तीनला गाडीचं तोंड पुण्याकडे. तेव्हापासून सुट्टीत तीन-चार सहली होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणी आजारी पडत नाही. त्याच हिशेबाने पुढचं सगळं लिहिलं आहे. आमच्याकडे माणसं पाच: मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा, सासूबाई पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आणि आम्ही दोघं. तुमच्या घरातली वयं वेगळी असतील, तर वेळा थोड्या मागेपुढे करा.

आधी तारीख, मग जागा

बहुतेक जण उलटं करतात. आधी ठिकाण ठरतं आणि मग "कधी जमतंय ते बघू" म्हणत शेवटी भाऊबीजेनंतरचा रविवारच हाती लागतो. त्या दिवशी अख्खं पुणे आणि निम्मी मुंबई रस्त्यावर असते.

शाळा सुटल्यापासून वसुबारसेपर्यंत जे मधले वार मिळतात ते सोनं आहे. घरात फराळाची धांदल असते हे खरं, पण एक दिवस काढता येतो. आमच्याकडे चकलीची भाजणी दळायला टाकायची आणि त्याच दिवशी बाहेर पडायचं, असं जमवतो. त्या दिवसांत रस्ते मोकळे असतात, लेण्यांमध्ये आपला आवाज घुमतो आणि पोरांना दिवाळीचा किल्ला बांधण्याआधी खरा गड बघायला मिळतो. त्याबद्दल शेवटी सांगते.

नरकचतुर्दशी ते भाऊबीज बाहेर पडूच नका. नातेवाइकांचं सोडा, खेड्यातल्या खाणावळीवाल्यांचीही दिवाळी असते. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गरम भाकरी मिळेल या भरवशावर निघालात तर बिस्किटांवर दिवस काढावा लागतो. भाऊबीज झाली की पुढचा सोमवार ते गुरुवार धरा. घरात रजेवरून वाद होतो, पण एक मधला वार दोन रविवारांच्या बरोबरीचा असतो.

पंचांगाकडेही एक नजर टाका. जेजुरीला जायचं मनात असेल आणि दिवाळीची अमावास्या सोमवारी येत असेल, तर तो बेत सोडा. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते आणि लाखाने माणूस लोटतो. मुलं खांद्यावर घेऊन त्या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हेही सुट्टीत हमखास विसरलं जातं.

किलोमीटर नाही, तास मोजा

घरापासून पहिला थांबा दीड तासात आला पाहिजे आणि एकूण प्रवास जाऊन-येऊन चार तासांच्या आत बसला पाहिजे. नकाशा सकाळी सहाला जो वेळ दाखवतो तो परतीचा नसतो. परतीला निदान अर्धा तास जास्त धरा. चाकण, हडपसर, वाघोली, खेड शिवापूर यातल्या कुठल्या कोंडीतून परतायचं आहे, त्यावर ठिकाण ठरतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसारखी सातपर्यंत उजेडाची चैन नसते. म्हणून तीन वाजता परत.

भाजे: लोकलने जायची सहल

गाडी नसेल तर उत्तमच. पुणे–लोणावळा लोकल पकडायची आणि सव्वा तासाच्या आसपास मळवलीला उतरायचं. मुलांना अर्धी मजा लोकलचीच असते. देहूरोड, तळेगाव, कामशेत अशी स्टेशनं मोजत जातात, कामशेतनंतर दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, तेव्हा निघण्याआधी परतीची गाडी बघून ठेवा आणि फलाटावर पंधरा मिनिटं आधी या.

मळवली स्टेशनवरून भाजे गाव चालत अर्ध्या तासावर आहे. वाटेत द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. तिथे थांबून खालच्या गाड्या बघणं हा आमच्याकडे कार्यक्रमाचा अधिकृत भाग आहे. ज्येष्ठांसाठी स्टेशनबाहेरून रिक्षा करा. गावापासून लेण्यांपर्यंत पायऱ्यांचा वीस मिनिटांचा चढ आहे.

भाजे लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली, एकूण २२. मुलांना 'प्राचीन वारसा' वगैरे सांगत बसलात तर ती माकडं बघायला लागतात. त्यापेक्षा चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनात, उभं करून वर बघायला सांगा. छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या दिसतात. आता विचारा, "छत अख्ख्या दगडाचं आहे, मग त्याला लाकडाचा आधार कशाला?" उत्तर असं की आधाराची गरज नाहीच. लाकडाची घरं बांधणाऱ्या हातांनी डोंगर कोरला आणि घराला जशा फासळ्या असतात तशा इथेही बसवल्या. पोरांना हे फार पटतं. माझा मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण किल्ल्याला प्लॅस्टिकची झाडं लावतो तसं." अगदी तसंच नाही, पण मी दुरुस्त केलं नाही.

थोडं पुढे एका कड्याला चौदा स्तूपांचा पुंजका आहे. काही आत कोरलेल्या खोलीत, काही उघड्यावर. ते मोजायला लावा. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो आणि दहा मिनिटं शांततेत जातात. शेवटच्या बाजूच्या लेण्यात रथात बसलेली आकृती, हत्तीवरची आकृती आणि तबल्याच्या जोडीसारखं वाद्य वाजवणारी बाई कोरलेली आहे. घरात कुणी तबला शिकत असेल तर तिथून त्याला हलवता येत नाही.

कार्ला बघायचं असेल तर वेगळ्या दिवशी बघा. ते रेल्वेच्या दुसऱ्या अंगाला आहे. तिथला चैत्य भारतातल्या कोरीव चैत्यांमध्ये सर्वांत मोठा, खांबांवरची हत्तींवर बसलेली जोडपी बघण्यासारखी, वैजयंती नगरातल्या भूतपाल नावाच्या व्यापाऱ्याने हे लेणं पुरं केल्याचा लेखही दारात आहे. पण एकवीरा आईचं देऊळ तिथेच असल्याने सुट्टीत आणि रविवारी दर्शनाची गर्दी मोठी असते. लहान मुलं बरोबर असतील तर माझं मत भाज्याला.

पुरातत्त्व खात्याच्या अशा लेण्यांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. मोठ्यांचं मोबाइलवरून काढता येतं, पण डोंगराच्या कुशीत रेंज जाते. आदल्या रात्री काढून ठेवा.

भुलेश्वर: आजीसाठी सर्वांत सोपं

सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे डोंगरावर. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गाडी थेट देवळापाशी जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना हे मानवतं. ही टेकडी म्हणजे दौलतमंगळ किल्ला. बुरुजाचे अवशेष वाटेत दिसतात.

देऊळ बाहेरून बघितलं तर "एवढं लांब यासाठी आलो?" असं वाटतं. वरची बांधणी नंतरची, चुन्याची. आत शिरलं की अंधार, पायऱ्या, वळण, आणि अचानक काळ्या दगडाचं यादवकालीन मंदिर समोर उभं राहतं. डब्यात डबा ठेवावा तसं. प्रदक्षिणेच्या मार्गावर भिंतभर शिल्पं आहेत, बरीच हातापायांना तोडलेली. इथे मुलांना एक काम द्यायचं: बाईच्या रूपातला गणपती शोधा. सोंड आहे आणि लुगडंही आहे. आमच्या मुलीला सापडायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिने हत्ती, नर्तकी, लढाईचे प्रसंग सगळं आपोआप बघितलं. सासूबाईंना मात्र पहिल्या फेरीत दिसला होता. त्या गप्प बसल्या.

टॉर्च न्या. मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि चार्जिंगही जातं. चपला बाहेर काढाव्या लागतात. दुपारी बाराच्या पुढे बाहेरची फरशी तापते, म्हणून सगळ्यांसाठी जुने मोजे पिशवीत टाका. हे देवस्थान आहे. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळलीत तर एरवी गर्दी नसते.

येताना सासवडकडून येता येतं. पुरंदरच्या सीताफळांचा हंगाम दिवाळीत अजून चालू असतो, रस्त्याकडेला टोपल्या मांडलेल्या दिसतात. सीताफळ दाबून बघू नका, विक्रेते चिडतात आणि बरोबर चिडतात. डोळ्यांमधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या होऊन रुंदावलेल्या असतील तर ते उद्यापर्यंत पिकेल. काळपट, मऊ पडलेलं असेल तर आत्ताच खावं लागेल आणि गाडीची सीट धुवावी लागेल.

शिवनेरी, या वेळी नीट

दुसऱ्या प्रयत्नात आम्ही घरून साडेपाचला निघालो आणि फक्त शिवनेरी केला. जुन्नर पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर, नारायणगावला नाश्ता. साडेआठला पायऱ्यांना लागलात तर वाट बरीचशी सावलीत असते. सात दरवाजे लागतात. मुलांनी मोजायचे आणि प्रत्येक दरवाज्यात पाणी प्यायचं, हा आमचा नियम. एका चढाचे असे सात छोटे चढ होतात. वाटेत शिवाई देवीचं देऊळ आहे, आजी-आजोबांनी तिथवर येऊन थांबायलाही हरकत नाही. वर गेल्यावर गंगा-जमुना टाकी, शिवजन्माची इमारत, बदामी तलाव आणि कडेलोट. कडेलोटाच्या टोकाला मुलाचा हात सोडायचा नाही, फोटोसाठीही नाही. साखळीची वाट मुलांबरोबर नकोच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात शिवनेरी आहे आणि लोहगडही आहे. तेव्हापासून गडावर येणारे वाढले आहेत, म्हणून पहाटे निघणं आणखी गरजेचं.

सिंहगडाबद्दल काय वेगळं सांगू? जवळ आहे, गाडी वर जाते, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं. रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून मधल्या वारी सकाळी सातला घाट चढून दहाला उतरा. कल्याण दरवाजाकडे जास्त लोक जात नाहीत, तिथे निवांत बसता येतं.

वाई–मेणवली आणि निघोज

पोरं थोडी मोठी असतील तर ही दोन्ही ठिकाणं. वाईला ढोल्या गणपती बघून मेणवलीला जायचं. नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि मागे कृष्णेचा घाट. घाटावर एका छोट्या मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज चर्चची ही घंटा. जवळ जाऊन बघा, बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. देवळाच्या आवारात चर्चची घंटा कशी आली, या एका प्रश्नावर खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत गप्पा पुरतात.

निघोजचे रांजणखळगे शिरूरवरून पुढे, कुकडीच्या पात्रात. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे शेकडो वर्षं एकाच जागी गरागरा फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या खडकात रांजणासारखे खड्डे पाडले. काही खड्ड्यांच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून दिसतात. भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र असं समोर दिसणं दुर्मीळ. पण मी आठ वर्षांखालच्या मुलाला तिथे नेणार नाही. कडा निसरड्या आहेत, खड्डे खोल आहेत, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पात्र बघताबघता भरतं. गावात शिरल्यावर आधी मळगंगा देवीच्या देवळापाशी पाण्याची चौकशी करा आणि पाण्यात उतरायचा विचार आणू नका. नोव्हेंबरच्या शेवटी, पाणी ओसरल्यावर गेलेलं बरं.

एखादा दिवस अंगात त्राणच नसेल तर गावातच अर्धा दिवस: सकाळी पाताळेश्वर, मग बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय, जेवायला घरी. केळकरांतले अडकित्ते आणि दिवे मुलांना पुरेसे आहेत, सगळे मजले संपवायचा हट्ट नको.

आदल्या रात्रीची पिशवी

फराळ नेण्याचा मोह होतो. न्या, पण निवडून. शंकरपाळे आणि चकली प्रवासात टिकतात. चिवडा गाडीच्या प्रत्येक फटीत जातो, बेसनाचा लाडू उन्हात मेणासारखा होतो, करंजी फुटते. पोटभरीला तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, बरोबर दाण्याची चटणी आणि दहीभाताचा एक घट्ट झाकणाचा डबा. दहीभात पहिल्या जेवणात संपवायचा. पाणी माणशी दीड लिटर. ऑक्टोबरचं ऊन वाटतं त्यापेक्षा जास्त शोषतं.

घाट लागत असेल तर निघताना मुलांना दूध देऊ नका. कोरडा टोस्ट किंवा अर्धी पोळी पुरे. मळमळणाऱ्याला खिडकीशी बसवा, मोबाइल काढून घ्या, आवळा सुपारी हातात द्या. दोन जाड पिशव्या सीटच्या खिशात असू द्यात, डिकीत नको. डिकी वेळेवर कधीच उघडत नाही.

बाकी: पंचा, टोप्या, पहाटेसाठी एकेक स्वेटर, जखमेवरच्या पट्ट्या, आजींच्या गोळ्यांची दिवसाची पुडी, ज्येष्ठांचं आधार कार्ड. एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, आणि पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं. आमच्या पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं निघतं. दर वेळी तो कंडक्टरकडे केविलवाण्या नजरेने बघतो.

चार गोष्टी ज्यांत सूट नाही

पहिली, मोहोळं. गडांवर आणि लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. दिवाळी म्हणून मुलांच्या खिशात टिकल्यांचं पिस्तूल किंवा लवंगी फटाके जातात. निघण्याआधी खिसे तपासा. गडावर फटाका, धूर, उग्र अत्तर काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न हलवता, तोंड झाकून, आलेल्या वाटेने खाली.

दुसरी, गवत. पावसानंतरचं गवत अजून कमरेएवढं असतं. वाट सोडायची नाही, भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही. फुरसं हा विषारी साप दगडासारखाच दिसतो.

तिसरी, माकडं. हातात डबा उघडा दिसला की संपलं. खाणं बंद पिशवीत, आणि खायचं ते खाली उतरल्यावर.

चौथी, पाणी. गडावरची टाकी खोल असतात, कठडे नसतात.

परत आल्यावर

तीनला निघालात तर पाच-साडेपाचला घर येतं. अजून उजेड असतो, आणि वसुबारसेच्या आधीचे दिवस असतील तर अंगणात किंवा गच्चीत मातीचा ढीग वाट बघत असतो. मुलांना हातपाय धुवायच्या आधी अर्धा तास द्या. आमच्या पोरांनी त्या वर्षी पोत्याचा डोंगर केला, त्यावर लाल माती लिंपली आणि सात दरवाज्यांसाठी जागा मोजायला बसले. चौथ्या दरवाज्याला डोंगर संपला. मग वाद झाला, किल्ला मोडला, पुन्हा रुंद पायाचा केला. अळीव पेरले. टाकी कुठे खोदायची यावर मात्र दोघांचं एकमत होतं: वर, महाराजांच्या सिंहासनापासून चार बोटं लांब, आणि तिला काडेपेटीच्या काड्यांचा कठडा.

सासूबाईंनी शिवाई देवीसाठी एक पणती बाजूला काढून ठेवली होती. ती मधल्या वळणावर बसली.